व्हीएफआर, आयएफआर की आज उड्डाणच नको? ढग आणि दृश्यमानता पाहून ठरवण्याची पद्धत

जुलैतल्या सकाळी कॅडेट, म्हणजे शिकाऊ वैमानिक, ब्रीफिंगच्या टेबलापाशी येतो आणि म्हणतो, "सर, इथे विझिबिलिटी आठ हजार मीटर आहे, व्हीएफआर फाइल करतो." मी विचारतो, "आणि घाटात किती आहे?" त्यावर तो फोनकडे बघतो. फोनमध्ये निघायच्या आणि पोचायच्या विमानतळाचे मेटार, म्हणजे तिथल्या ताज्या हवामानाचे अहवाल, असतात, मधलं काहीच नसतं.

हीच चूक मला वर्षानुवर्षं दिसते. बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. उड्डाणाचे नियम, म्हणजे बाहेर बघून उडायचं (व्हीएफआर) की उपकरणांवर (आयएफआर), निवडायचे ते वाटेवरच्या सर्वांत वाईट तुकड्याकडे पाहून, आणि तेही जमिनीवर, इंजिन सुरू करण्याआधी. खाली दिलेला क्रम त्यासाठी आहे. तो छोट्या विमानांसाठी आणि भारतातल्या उड्डाणांसाठी लिहिला आहे. आकडे चालू एआयपीमध्ये (सरकारी वैमानिकी माहितीपुस्तिकेत) पडताळून घ्या, कारण ते बदलतात.

## आधी चार शब्द नीट लावा

व्हीएफआर आणि आयएफआर हे नियम आहेत. व्हीएमसी (बाहेर बघून उडता येईल अशी) आणि आयएमसी (तसं उडता येणार नाही अशी) ही हवेची स्थिती आहे. नियम तुम्ही निवडता, स्थिती निवडता येत नाही. निरभ्र दिवशीही आयएफआरने जाता येतं आणि एअरलाइन्स रोज तेच करतात. व्हीएफआरला मात्र व्हीएमसी लागतेच. "हवा आयएफआर आहे" असं बोलण्याची सवय लागली की डोक्यातही तीच गल्लत होते, म्हणून कॅडेटनी असं म्हटलं की मी तिथल्या तिथे दुरुस्त करतो.

## टप्पा १ : हवामान उघडण्याआधी स्वतःचा हिशेब

हवामान बघितल्यावर मन वकिली करायला लागतं. म्हणून हे तीन प्रश्न आधी, आणि उत्तरं कागदावर.

वैमानिक. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (उपकरणांवर उडण्याची पात्रता) आहे का, मुदतीत आहे का, आणि शेवटचा इन्स्ट्रुमेंटवरचा सराव कधी झाला? रेटिंग आहे पण चार महिन्यांत हूडखाली (बाहेरचं दिसू नये म्हणून सरावात घालायच्या झापडीखाली) बसलेला नाहीत, तर आजच्यापुरता तुमचा आयएफआरचा पर्याय कागदावरच आहे.

विमान. आयएफआरला लागणारी उपकरणं चालू आहेत का? हवामान रडार आहे का? बहुतेक ट्रेनर विमानांत ते नसतं, आणि पावसाळ्यात याने फार मोठा फरक पडतो. तो टप्पा ५ मध्ये येईल.

मुक्काम. जिथे उतरायचं तिथे प्रसिद्ध झालेली इन्स्ट्रुमेंट अप्रोच पद्धत आहे का? हा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. आयएफआरने तुम्ही ढगांवरून पोचाल, पण खाली अप्रोचच नसेल तर ढगांतून उतरणार कसे? राज्यातल्या कित्येक छोट्या धावपट्ट्यांची गोष्ट अशीच आहे. मुंबईत जुहूही व्हीएफआर वाहतुकीचाच विमानतळ आहे.

याच वेळी स्वतःची किमान मर्यादा लिहा. नियमातली मर्यादा ही कायद्याची शेवटची पायरी असते, तुमची त्याहून वर हवी. सोलो क्रॉस-कंट्रीच्या (एकट्याने लांब उडणाऱ्या) कॅडेटला मी दृश्यमानता ८ किलोमीटर आणि ढगांचा तळ वाटेवरच्या सर्वांत उंच जमिनीच्या किमान २,००० फूट वर, असं सांगतो. तुमच्या स्कूलची मर्यादा याहून कडक असेल तर तीच धरा.

> तपासा : तिन्ही प्रश्नांची उत्तरं आणि तुमचे दोन आकडे कागदावर आहेत ना? नसतील तर मेटार उघडू नका.

## टप्पा २ : नियमातले आकडे सुटे नाही, एकत्र वाचा

पाठ करायचे आकडे थोडेच आहेत:

१. १०,००० फूट आणि त्याहून वर: दृश्यमानता ८ किलोमीटर, ढगांपासून आडवं अंतर १,५०० मीटर, उभं १,००० फूट.
२. त्याखाली: दृश्यमानता ५ किलोमीटर, ढगांपासून अंतर तेवढंच.
३. समुद्रसपाटीपासून ३,००० फूट किंवा जमिनीपासून १,००० फूट, यांतलं जे जास्त असेल त्याखाली, एफ आणि जी वर्गाच्या (अनियंत्रित) हवाईक्षेत्रात: दृश्यमानता ५ किलोमीटर, ढगांबाहेर, जमीन दिसत असली पाहिजे.
४. कंट्रोल झोनमधल्या (विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवाईक्षेत्रातल्या) विमानतळावर व्हीएफआरने उड्डाण किंवा उतरण: सीलिंग (ढगांच्या छताची उंची) किमान १,५०० फूट आणि जमिनीवरची दृश्यमानता किमान ५ किलोमीटर.

भारतात यावर आणखी बंधनं आहेत. व्हीएफआर फ्लाइट लेव्हल १५० च्या (सुमारे १५,००० फुटांच्या) वर चालत नाही. नियंत्रित हवाईक्षेत्रात किनाऱ्यापासून समुद्राकडे १०० नॉटिकल मैलांपलीकडे चालत नाही. आणि सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत चालत नाही. स्थानिक उड्डाणांना आणि फ्लाइंग क्लबच्या सरावाला एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) परवानगी दिली तर तेवढा अपवाद.

आता हे आकडे एकमेकांवर ठेवून बघा. समजा डी वर्गाच्या कंट्रोल झोनमध्ये सीलिंग बरोबर १,५०० फूट आहे. चौथ्या नियमाने उड्डाणाला मुभा आहे. पण डी वर्गात ढगांपासून १,००० फूट खाली राहायचं, म्हणजे तुम्हाला जमिनीपासून जेमतेम ५०० फूट मिळतात. आणि शहरावरून जाताना ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या १,००० फूट वर राहायचं बंधन आहेच. दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत. म्हणजे शहरी विमानतळावरून व्हीएफआरने निघून पुढे प्रवास करायचा, तर सीलिंग २,००० फुटांच्या बरंच वर हवं. हा हिशेब एकदा स्वतः कागदावर करा. परीक्षेत १,५०० लिहून मार्क मिळतात, पण त्या १,५०० मध्ये विमान नेमकं कुठे ठेवायचं ते तिथे कोणी विचारत नाही.

## टप्पा ३ : मेटार आणि टॅफ या क्रमाने वाचा

आधी वेळ. मेटार आणि टॅफ (विमानतळाच्या पुढच्या हवामानाचा अंदाज) यूटीसी या जागतिक वेळेत असतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. ०१३० यूटीसी म्हणजे सकाळचे ७. घाईत टॅफमधलं "०४" बघून पहाटे चार समजणारे कॅडेट मी पाहिलेत. ते सकाळचे साडेनऊ असतात. टॅफच्या प्रत्येक वेळेखाली पेन्सिलने भारतीय वेळ लिहा.

मग दृश्यमानता. मेटारमधला आकडा म्हणजे प्रचलित दृश्यमानता: क्षितिजाच्या निदान अर्ध्या वर्तुळात जेवढं दिसतं तेवढं. उरलेल्या अर्ध्यात त्याहून कमी असू शकतं, आणि तुमची वाट नेमकी त्याच बाजूला असू शकते. शिवाय तो आकडा जमिनीवरून आडवा मोजलेला असतो. तुम्ही वरून तिरकं, धुरक्याच्या थरातून, कधी सूर्यासमोर बघत असता. डिसेंबरच्या संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून उतरताना मेटारमधले ५,००० मीटर कॉकपिटमध्ये बरेच कमी भरतात. धावपट्टी शेजारून जाताना स्पष्ट दिसते आणि फायनलवर (उतरण्यासाठी धावपट्टीच्या रेषेत) वळलं की गायब होते, ती याचमुळे.

मग ढग. एफईडब्ल्यू म्हणजे आकाशाच्या आठ भागांपैकी १-२, एससीटी म्हणजे ३-४, बीकेएन म्हणजे ५-७, ओव्हीसी म्हणजे पूर्ण ८. सीलिंग मोजायचं ते अर्ध्याहून जास्त आकाश झाकणाऱ्या सर्वांत खालच्या थरापासून, म्हणजे बीकेएन किंवा ओव्हीसीपासून. पण व्हीएफआरवाल्याने एससीटीलाही मान द्यावा. डोंगराच्या कडेला चार अष्टमांश ढग म्हणजे नेमकी तुमची खिंड बंद.

मग तापमान आणि दवबिंदू. दोन्हींत २-३ अंशांचाच फरक, रात्र निरभ्र आणि वारा पडलेला, तर पहाटे धुकं किंवा दाट मिस्ट येणार असं धरा. दुपारच्या कापूसढगांचा तळ अंदाजायला फरकाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ४०० फूट धरता येतात. पावसाळी थरांच्या ढगांना हा हिशेब लावू नका, तो तिथे फसवतो.

शेवटी टॅफमधले बदल. टेम्पो म्हणजे एका वेळी तासाभराहून कमी आणि एकूण काळाच्या निम्म्याहून कमी टिकणारा बदल. कॅडेट "थोडा वेळच आहे" म्हणून तो सोडून देतात. पण तुम्ही पोचाल नेमके त्याच थोड्या वेळात, हे धरूनच चला. बीईसीएमजी (हळूहळू होऊन पुढे टिकणारा बदल) बिघाडाचा असेल तर तो दिलेल्या वेळेच्या सुरुवातीपासून धरा, आणि सुधारणेचा असेल तर शेवटापासून.

> थांबा : मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून असते. नकाशावरचे डोंगर आणि क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या मापाला आणलेला हवेचा दाब) लावलेला अल्टिमीटर समुद्रसपाटीपासून सांगतो. दोन्ही एकाच मापात आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४ : वाटेवरचा सर्वांत वाईट तुकडा शोधा

छत्रपती संभाजीनगर ते जुहू, जुलैतली सकाळ घेऊ. अंतर सुमारे २८० किलोमीटर. या पट्ट्यात निर्बंधित क्षेत्रं आहेत, तेव्हा खरा रूट चालू चार्टवरूनच आखा; उदाहरण फक्त हवामान वाचण्यापुरतं आहे. हवामानाचे आकडेही मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण जुलैत असे दिवस नवलाचे नाहीत.

संभाजीनगर: दृश्यमानता ८ किलोमीटर, एससीटी ३,००० फूट. मुंबई: दृश्यमानता ५ किलोमीटर, हलका पाऊस, बीकेएन २,००० फूट, टॅफमध्ये टेम्पो २,५०० मीटर आणि बीकेएन १,००० फूट.

दोन्ही टोकांकडे बघितलं तर "जमेल" असं वाटतं. आता उंच्या समुद्रसपाटीवर आणा. संभाजीनगर विमानतळ सुमारे १,९०० फुटांवर आहे, म्हणजे तिथले ढग ४,९०० फुटांवर. मुंबई जवळपास समुद्रसपाटीलाच, म्हणजे तिथला तळ २,००० फुटांच्या किंचित वर. आणि मध्ये काय आहे? सरळ रेघ ओढली तर ती हरिश्चंद्रगडाजवळून जाते, त्याची उंची १,४२४ मीटर, म्हणजे सुमारे ४,६७० फूट. थोडं उत्तरेला कळसूबाई, १,६४६ मीटर, सुमारे ५,४०० फूट. रेल्वेमार्ग धरून इगतपुरी-कसाऱ्याच्या घाटातून उतरायचं म्हटलं, तर घाटमाथाच सुमारे १,९०० ते २,००० फूट.

म्हणजे मुंबईचा ढगतळ घाटमाथ्याच्या जमिनीला टेकलेला आहे. त्यात समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीवर चढताना आणखी थंड होते, म्हणून घाटात ढग अंदाजापेक्षा खालीच मिळतात. इगतपुरीच्या घाटमाथ्याचा मेटार निघत नाही. तुमच्या फोनमध्ये दोन्ही टोकांना हिरवं दिसत राहतं आणि मधली भिंत दिसतच नाही.

म्हणून हवामान विभागाच्या विमानहवामान कार्यालयाची ब्रीफिंग घेताना "पुढचं हवामान कसं आहे?" असं मोघम विचारू नका. "घाटमाथ्यावर ढगांचा तळ समुद्रसपाटीपासून किती असेल, आणि मी साडेनऊच्या सुमाराला तिथे असेन" असं विचारा. उपग्रह आणि रडारची चित्रं मागा. त्या वाटेने तासाभरात कोणी आलं असेल तर त्या वैमानिकाला फोन करा.

आणखी एक बारीक गोष्ट. कमी दाबाकडे जाताना क्यूएनएच बदलत राहिला नाही तर अल्टिमीटर खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. १ हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट. ढगांखाली दबून उडताना हे ३०-४० फूटही तुमचेच असतात.

> तपासा : वाट तीन-चार तुकड्यांत तोडली का? प्रत्येकासमोर सर्वांत उंच जमीन, ढगांचा तळ आणि दृश्यमानता एकाच मापात लिहिली का? सर्वांत लहान आकड्याभोवती गोल करा. निर्णय त्या गोलावर.

## टप्पा ५ : चारपैकी एक निवडा

पर्याय चार आहेत, दोन नाहीत.

व्हीएफआर. वाईट तुकड्याचा आकडाही तुमच्या लिहिलेल्या मर्यादेच्या वर असेल तरच. जमिनीपासून ३,००० फुटांच्या वर पातळी धरताना लक्षात ठेवा: पूर्वेकडच्या मार्गाला विषम हजार अधिक ५००, पश्चिमेकडच्या मार्गाला सम हजार अधिक ५००. जुहूच्या वाटेवर ४,५०० किंवा ६,५०० येतात. वरच्या उदाहरणात ४,५०० फुटांवर ढग फक्त ४०० फूट वर आहेत आणि हरिश्चंद्रगडाचा माथा तुमच्याहून उंच आहे. हा पर्याय इथेच संपला.

"ढगांच्या वरून ८,५०० ने जातो" हा मोह होतो. वर ऊन असतं, सगळं सुंदर दिसतं. पण पलीकडे उतरायला भोक मिळेलच याची खात्री बीकेएनमध्ये नसते, आणि तोवर इंधन अर्धं झालेलं असतं. पावसाळ्यात पश्चिमेचा जोरदार वारा नाकावर असतो, त्यामुळे १०० नॉटचं विमान जमिनीवर ७५-८० नेच सरकतं. तो हिशेब धरा.

स्पेशल व्हीएफआर. कंट्रोल झोनमध्ये दृश्यमानता किंवा सीलिंग व्हीएफआरच्या खाली असताना, आणि दृश्यमानता १,५०० मीटरहून कमी नसताना, एटीसी अशी परवानगी देऊ शकते. ती तुम्ही मागायची असते, टॉवर आपणहून देत नाही. ती मिळाली तरी ढगांबाहेर राहून जमीन दिसत ठेवायची जबाबदारी तुमचीच. आणि ती झोनच्या सीमेपर्यंतच. घाट झोनमध्ये येत नाही.

इथली चूक जीव घेते, म्हणून एक घटना सांगतो. २६ जानेवारी २०२० ला लॉस एंजेलिसजवळ कॅलाबॅसस इथे बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचं हेलिकॉप्टर कोसळलं, नऊही जण गेले. वाटेतला बरबँकचा झोन वैमानिकाने स्पेशल व्हीएफआरची परवानगी घेऊन रीतसर ओलांडला होता. अपघात पुढे, डोंगराळ भागात झाला. व्हीएफआरने उडत ढगांत शिरणं आणि त्यातून दिशाभान हरपणं, असा निष्कर्ष अमेरिकेच्या तपास मंडळाने काढला. वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग होतं. कंपनीला मात्र आयएफआरची परवानगी नव्हती. झोनमध्ये मिळालेली परवानगी पुढच्या हवेबद्दल काहीच सांगत नाही.

आयएफआर. टप्पा १ मधल्या तिन्ही उत्तरांना "हो" असेल तरच. किमान उंची: ८ किलोमीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या १,००० फूट वर, डोंगराळ भागात २,००० फूट. कळसूबाईजवळून जायचं तर ७,४०० च्या वर, म्हणजे पश्चिमेला जाताना ८,०००. ऑल्टरनेट (मुक्कामी उतरता आलं नाही तर पर्यायी) विमानतळाचं हवामान पोचायच्या ठिकाणाइतक्याच काळजीने बघा. मुंबईवर जो पाऊस आहे तोच पाऊस किनाऱ्यालगतच्या दुसऱ्या विमानतळावरही असतो. ऑल्टरनेट घाटाच्या अलीकडे, देशावर शोधा.

आणि रडारचा मुद्दा. पावसाळ्यात थरांच्या ढगांत गडगडाटी ढग लपलेले असतात. बाहेरून दिसत नाहीत, आत गेल्यावर रडारशिवाय कळत नाहीत. आयएफआर क्लिअरन्स तुम्हाला इतर विमानांपासून दूर ठेवतो, या क्युम्युलोनिम्बस (सीबी) म्हणजे गडगडाटी ढगांपासून नाही. अंदाजात सीबी असतील आणि विमानात रडार नसेल, तर रेटिंग असूनही आयएफआर हे उत्तर नाही.

न जाणं. वरच्या उदाहरणात कॅडेटसाठी हाच पर्याय उरतो. त्यात एक उपपर्याय असतो जो लोक विसरतात: दिशा बदला. घाट बंद असताना संभाजीनगरहून पूर्वेला नांदेड किंवा नागपूरकडे हवा अनेकदा उघडी असते. क्रॉस-कंट्रीचे तास तिकडेही भरतात.

हिवाळ्यात न जाण्याचा अर्थ बहुतेक वेळा थांबणं एवढाच असतो. नागपूर, सकाळी ७ वाजता, दृश्यमानता १,५०० मीटर, मिस्ट, तापमान-दवबिंदूत एक अंशाचा फरक. टॅफ म्हणतो ०३३० ते ०४३० यूटीसीच्या दरम्यान ६,००० मीटर होईल. म्हणजे आपले ९ ते १०. कॅडेट ७ वाजता स्पेशल व्हीएफआर मागायला निघतो. निघून जाईलही, पण पुढे गोंदियाकडच्या तळ्यांच्या मुलखात मिस्ट आणखी दाट मिळाला तर? १० वाजेपर्यंत चहा घ्या. त्यानंतरच्या दोन मेटारमध्ये खरंच सुधारणा दिसली तर निघा.

> थांबा : फ्लाइट प्लॅनच्या रकाना ८ मध्ये अक्षर नीट घाला. व्ही म्हणजे व्हीएफआर, आय म्हणजे आयएफआर, वाय म्हणजे आधी आयएफआर आणि मग व्हीएफआर, झेड म्हणजे त्याच्या उलट. वाय आणि झेडमध्ये गल्लत नेहमी होते. बदल कुठल्या बिंदूवर होणार तोही रूटमध्ये लिहावा लागतो. हवामानासाठी थांबलात तर एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) क्रमांक अजून चालतात का, हे निघण्याआधी पुन्हा विचारा.

## टप्पा ६ : परत फिरण्याची रेषा जमिनीवरच आखा

"हवा बिघडली तर परत फिरू" हे ठरवणं नव्हे. कुठे, किती आकड्यावर आणि कोणत्या दिशेला फिरायचं, हे लिहिलेलं असलं तर ते ठरवणं.

उघड्या दिवशीही घाटाच्या वाटेसाठी मी दोन रेषा आखायला लावतो. पहिली सिन्नरपाशी: इथे पश्चिमेचं क्षितिज स्पष्ट नसेल, तर शिर्डीकडे किंवा परत. दुसरी घोटीच्या अलीकडे: घाटापलीकडची कोकणातली जमीन दिसत नसेल, तर वळायचंच. घोटीनंतर दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात आणि वळायला जागा कमी होत जाते.

प्रत्येक रेषेसमोर तीन गोष्टी लिहा: घड्याळातली वेळ, शिल्लक इंधन, परतीचा हेडिंग. दिवसाच्या उत्तरार्धात निघणार असाल तर चौथी: सूर्यास्त अधिक २० मिनिटे. परतताना उशीर, त्यात संध्याकाळचं धुरकं, ही जोडी फार वाईट आहे.

## टप्पा ७ : हवेत दर दहा मिनिटांनी मोजा

दृश्यमानता डोळ्याने "बरी आहे" असं म्हणू नका, मोजा. नकाशावरची ओळखीची खूण, तलाव किंवा साखर कारखान्याची चिमणी, समोर पहिल्यांदा दिसली की घड्याळ बघा, आणि तिच्यावर आलात की पुन्हा बघा. जमिनीवरचा वेग १०० नॉट असेल तर मिनिटाला साधारण ३ किलोमीटर. दीड मिनिटाआधी खूण दिसलीच नाही, तर तुम्ही ५ किलोमीटरच्या खाली आहात. समोरून तेवढ्याच वेगाचं विमान आलं तर ५ किलोमीटर संपायला ५० सेकंदही लागत नाहीत.

बिघाडाची लक्षणं हळू येतात. नकळत उंची सोडत जाणं हे पहिलं: ३,५०० ठरवले होते, आता ३,१००, मग २,८००. ढग तुम्हाला खाली दाबतायत आणि तुम्ही ते मान्य केलेलं नाही. ठरलेल्या उंचीपासून ५०० फूट खाली आलात की तीच तुमची परत फिरण्याची रेषा समजा, मग ती नकाशावर कुठेही असो.

दुसरं लक्षण, समोरचं क्षितिज विरघळून आकाश आणि जमीन एकाच करड्या रंगाची होणं. तिसरं, पुढच्या विमानतळाला रेडिओवर विचारायचं तुम्ही टाळताय. हे तिसरं माझ्या मते सर्वांत भरवशाचं आहे. उत्तर आवडणार नाही हे मनाला आधीच कळलेलं असतं.

## टप्पा ८ : तरीही ढगात शिरलात तर

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना कृत्रिम ढगांत उडायला लावलं. विसांच्याही हातून नियंत्रण सुटलं, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. म्हणून क्रम पाठ असू द्या:

१. बाहेर बघणं बंद. नजर ॲटिट्यूड इंडिकेटरवर. पंख सपाट करा.
२. आसपास उंच जमीन असेल तर सुरक्षित उंचीपर्यंत सरळ चढा, मगच वळा.
३. नाहीतर मोकळ्या, सखल बाजूने स्टँडर्ड रेटचं वळण: सेकंदाला ३ अंश, बरोबर एक मिनिट. १०० नॉटला बँक (पंखांचा कल) सुमारे १५ अंश. त्याहून जास्त नाही.
४. उलट हेडिंगवर सपाट, उंची स्थिर. ज्या हवेतून आलात ती मागे तिथेच आहे.
५. आता रेडिओ. "व्हीएफआर आहे, ढगात आहे, मदत हवी" असं साध्या शब्दांत सांगा. गरज पडली तर ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड.

शरीर सांगेल की विमान वळतंय, इंडिकेटर सांगेल सपाट आहे. इंडिकेटरचं ऐका. हा सराव इन्स्ट्रक्टरबरोबर, हूड घालून, दर काही महिन्यांनी करा. वाचून तो येत नाही.

## टप्पा ९ : हवेत नियम बदलायचे असतील तर

व्हीएफआरवरून आयएफआरवर जायचं तर नियंत्रित हवाईक्षेत्रात क्लिअरन्स आधी, ढग नंतर. क्लिअरन्स हातात येईपर्यंत तुम्ही व्हीएमसीतच राहायचं. म्हणजे ही विनंती पहिला ढग दिसल्यावर करून उपयोग नाही, पंधरा-वीस मिनिटं आधी करा. बदल झाल्यावर पातळीही बदलते: ६,५०० चे ६,००० किंवा ८,००० होतात.

उलट दिशेने, आयएफआर सोडताना, "कॅन्सलिंग माय आयएफआर फ्लाइट" असं स्पष्ट म्हणावं लागतं. नुसतं "व्हीएमसीत आहे" म्हटल्याने आयएफआर संपत नाही. आणि ढगांच्या दोन थरांमध्ये ऊन दिसलं म्हणून रद्द करू नका. पुढे बराच वेळ अखंड व्हीएमसी राहणार असेल तरच रद्द करायचं, असं नियमच सांगतो. छोट्या धावपट्टीवर उतरणाऱ्यांची इथे घाई होते: डोंगराच्या अलीकडे रद्द करतात आणि पलीकडे पुन्हा ढग मिळतात. धावपट्टी आणि तिच्यापर्यंतची सगळी जमीन दिसेपर्यंत थांबा, तोवर किमान सुरक्षित उंची सोडू नका.

उतरल्यावर इंजिन बंद केलं की, कागदावरच्या गोल केलेल्या आकड्यासमोर प्रत्यक्षात मिळालेला आकडा लिहा. ढगांचा तळ अंदाजापेक्षा वेगळा निघाला असेल तर टॉवरला किंवा हवामान कार्यालयाला लगेच कळवा, कारण त्याच वाटेने निघण्यासाठी कोणीतरी आत्ता ब्रीफिंगच्या टेबलावर बसलेलं असतं आणि घाटमाथ्याचा तेवढाच एक ताजा आकडा त्याला मिळणार असतो.